तरवडीचा छापखाना आणि किल्ल्यातल्या खोल्या

राजकारणात आयुष्य घालवणारा माणूस एक आणि राजकारणावर लिहिणारा पत्रकार दुसरा, ही विभागणी महाराष्ट्रात फार जुनी नाही. टिळकांचे ‘केसरी’, आंबेडकरांचे ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ ही पत्रे त्या त्या चळवळीचे हातपाय होती. सभा भरवणे, वर्गणी गोळा करणे, तुरुंगात जाणे आणि अग्रलेख लिहिणे ही एकाच माणसाची कामे असत. पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात ही परंपरा फारशी मोठी साधने नसताना वाढली. तिचा माग घेताना दोन ठिकाणी थांबावे लागते. एक नेवासे तालुक्यातले तरवडी हे खेडे, आणि दुसरा नगरचा भुईकोट किल्ला.

जिल्ह्यात छापील पत्र मात्र बरेच आधी आले होते. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली नगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केले. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, पण शाळा, जात, विधवांची स्थिती, सृष्टिविज्ञान अशा विषयांवर मराठीत वाद घालण्याची सवय त्याने लावली. काही वर्षांनी हे पत्र मुंबईला गेले. राजकीय म्हणावे असे आणि जिल्ह्याच्या मातीतून उगवलेले पत्र येण्यास आणखी बराच काळ जावा लागला.

ते पत्र म्हणजे मुकुंदराव पाटील यांचे साप्ताहिक ‘दीनमित्र’. मुकुंदरावांचे जन्मदाते वडील कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधू’ काढले, तेव्हा सत्यशोधक चळवळीला पहिले वर्तमानपत्र मिळाले. मुकुंदराव तरवडीच्या पाटील घराण्यात दत्तक गेले. त्या घरातल्या गणपतराव पाटलांनी पूर्वी ‘दीनमित्र’ याच नावाचे मासिक चालवले होते. १९१० साली भालेकर वारले आणि त्याच वर्षी मुकुंदरावांनी जुने नाव घेऊन साप्ताहिक सुरू केले. आधी सोमठाण्याहून व पुढे तरवडीहून निघणारे हे पत्र त्यांनी १९६७ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. सत्तावन्न वर्षे एकाच संपादकाने खेड्यात बसून साप्ताहिक चालवल्याचे उदाहरण मराठीत दुसरे सापडणे कठीण आहे.

खेड्यातून पत्र काढणे म्हणजे काय, हे आज नीट ध्यानात येत नाही. त्या काळी मजकूर शिशाच्या सुट्या खिळ्यांनी जुळवावा लागे. जुळारी समोरच्या पेटीतून एकेक खिळा उचलून उलट्या अक्षरांच्या ओळी लावी. मराठीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांमुळे पेटीतल्या खान्यांची संख्या इंग्रजीच्या कितीतरी पट होई. ही कारागिरी येणारी माणसे पुण्या-मुंबईत असत. कागद आणि शाई बाहेरून आणावी लागे, छापलेले अंक टपालात पडण्यासाठी बैलगाडीच्या वाटा तुडवाव्या लागत, आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीची वाट आठवडा आठवडा अडून बसे. त्यातच १९१०चा प्रेस कायदा आला. नव्या छापखान्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत जामीन मागण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. शेतकऱ्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या पत्राला हा आकडा गळफासासारखाच होता.

आणि वाचक? त्या काळी देशात दहांतल्या एकालाही वाचता येत नव्हते. म्हणून खेड्यातले पत्र कानांसाठी लिहावे लागे. एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी पारावर किंवा चावडीत बसून ऐकायचे, अशी रीत होती. मुकुंदरावांची भाषा या ऐकणाऱ्याला धरून घडली. त्यांचे ‘कुलकर्णी लीलामृत’ हे त्याचे उत्तम उदाहरण. कुलकर्ण्याच्या लेखणीखाली कुणब्याची जमीन कशी जाते, हे त्यांनी पोथीच्या घाटात, ओव्यांतून सांगितले. श्रावणात पोथी ऐकणाऱ्या माणसाला तो घाट शिकवावा लागत नव्हता. देवाच्या लीलांच्या जागी दप्तराच्या लीला आल्या, एवढाच फरक. गावातल्या कागदपत्रांची सत्ता कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न त्यांनी राजकारणाच्या मध्यभागी आणला. स्वराज्य आल्यावर ते कोणाचे असेल, ही ‘दीनमित्र’ची मुख्य चिंता होती. राष्ट्रीय चळवळीच्या पुढाऱ्यांना ती अडचणीची वाटे. आज मागे वळून पाहता त्या चिंतेचे मोल अधिक कळते, कारण जिल्ह्यातल्या पुढच्या शेतकरी राजकारणाची भाषा तिथे तयार झाली.

याच जिल्ह्यातल्या पारनेरचे पांडुरंग महादेव बापट हे राष्ट्रीय राजकारणाच्या दुसऱ्या टोकाचे. एडिंबरोला शिकायला जाऊन बॉम्बची विद्या घेऊन परतलेले हे गृहस्थ पुढे पुण्यात ‘चित्रमयजगत्’मध्ये, टिळकांच्या ‘मराठा’मध्ये आणि ‘लोकसंग्रह’मध्ये काम करीत होते, केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कार्यालयातही त्यांनी काम केले. १९२१ साली मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला तेव्हा लेखणी बाजूला पडली आणि सेनापती हे बिरुद लागले. विस्थापित शेतकऱ्यासाठी उभी राहिलेली ती देशातली आरंभीची चळवळ. बापटांच्या पत्रकारितेची दखल मात्र अजूनही नीट घेतली गेलेली नाही.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना पकडण्यात आले आणि नगरच्या किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. नेहरू, आझाद, पटेल, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभी सीतारामय्या, सय्यद महमूद, शंकरराव देव, प्रफुल्लचंद्र घोष आणि हरेकृष्ण महताब असे हे बारा जण. यांतले कितीतरी पत्रकार होते, हे सहसा सांगितले जात नाही. आझादांनी १९१२ साली कलकत्त्यात ‘अल-हिलाल’ काढले होते. पट्टाभींचे ‘जन्मभूमी’ आणि महताबांचे ‘प्रजातंत्र’ ही पत्रे त्या त्या प्रांतात चळवळ चालवीत होती. ‘नॅशनल हेराल्ड’ १९३८ साली नेहरूंच्या पुढाकाराने निघाले. वर्तमानपत्रांवर वाढलेल्या या माणसांना किल्ल्यात आल्यावर आरंभी वर्तमानपत्रच मिळत नव्हते.

त्याचा परिणाम विलक्षण झाला. रोजची बातमी काढून घेतल्यावर हे लेखक इतिहासाकडे वळले. नेहरूंनी १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. अंगणात बाग करण्यासाठी कुदळ मारली की जुन्या भिंतींचे अवशेष वर येत, हा अनुभव पुस्तकाच्या आरंभीच आहे आणि पुढच्या साऱ्या विचाराला तो धरून आहे. महताबांनी ओडिशाचा इतिहास हाती घेतला. नरेंद्र देव ‘अभिधर्मकोश’ या बौद्ध ग्रंथाच्या हिंदी भाषांतरात गढले. आझादांनी मित्राला पत्रे लिहिली, पण ती पाठवण्याची सोय नव्हती. पहाटे उठून स्वतः केलेला चहा, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांशी आधी भांडण आणि मग दोस्ती, एप्रिल १९४३मध्ये कलकत्त्यात पत्नी वारली आणि शेवटची भेटही झाली नाही ते दुःख, हे सारे त्या पत्रांत आहे. ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती पुढे १९४६ साली प्रसिद्ध झाली. राजकीय आयुष्य जगलेल्या माणसाचे इतके उघडे गद्य दुर्मीळ आहे.

देशाचे पुढारी नगरच्या किल्ल्यात कोंडलेले असताना नगरचा एक मुलगा बाहेर मोकळा होता आणि पोलीस त्याच्या मागावर होते. अच्युतराव पटवर्धन १९०५ साली नगरला जन्मले, बनारसला शिकले आणि तिथेच अर्थशास्त्र शिकवू लागले. १९३२ साली ते सत्याग्रहात उतरले. नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे यांच्याबरोबर समाजवादी पक्षाची जी चर्चा झाली, तीत ते होते. १९३६ साली नेहरूंनी त्यांना कार्यकारिणीत घेतले. १९४२ साली अशोक मेहतांबरोबर त्यांचे ‘द कम्युनल ट्रँगल इन इंडिया’ प्रसिद्ध झाले. हिंदू-मुस्लिम प्रश्नाला इंग्रज राज्य ही तिसरी बाजू आहे आणि ती सोडून हिशेब जुळत नाही, हा त्याचा मुद्दा. त्यानंतर चार वर्षे अच्युतराव भूमिगत राहिले. गुप्त पत्रके, काँग्रेस रेडिओ आणि साताऱ्याचे प्रतिसरकार या तिन्हींशी त्यांचा संबंध होता. किल्ल्यातल्यांकडे वेळ होता, यांच्याकडे एक रात्रही स्वतःची नव्हती. पत्रक चार ओळींचे असे. ज्या घरात लिहिले त्या घरी सकाळी थांबायचे नसे. ते इंग्रजांच्या हाती लागले नाहीत.

१९५० साली त्यांनी राजकारण सोडले. मंत्रिपदाच्या दारात उभ्या असलेल्या पिढीतला हा माणूस बनारसला परतून शिकवू लागला आणि १९९२ साली तिथेच वारला. हा निर्णय पळ काढण्याचा होता असे त्या काळी काहींना वाटले. पण पदाशिवाय लिहिलेले आणि पदाशिवाय सोडलेले राजकारण म्हणून तो ‘दीनमित्र’कारांच्या रांगेत बसतो, असेच म्हणावे लागते. त्यांचे थोरले बंधू रावसाहेब पटवर्धन हेही स्वातंत्र्यसैनिक. जून १९५०मध्ये साने गुरुजी गेल्यावर ‘साधना’ साप्ताहिकाची धुरा आचार्य जावडेकर आणि रावसाहेब यांनी उचलली. हेच ‘साधना’ आणीबाणीत सेन्सॉरशी झगडले.

नगरलाच जन्मलेले मधु दंडवते आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात होते आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. राजापूरचे खासदार, रेल्वेमंत्री आणि अर्थमंत्री म्हणून दंडवत्यांची कारकीर्द सर्वांना ठाऊक आहे. 

या सगळ्यांचे छापील अवशेष सारखे जपले गेलेले नाहीत. दिल्लीशी नाते असलेल्या पुस्तकांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघतात, खेड्यातल्या साप्ताहिकाचा कागद मात्र पिवळा पडून घडीवर तुटतो. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ सालचे आहे, आणि जुने कागद सांभाळण्याची रीत या शहराला नवी नाही. नेवासे, पाथर्डी, शेवगाव, पारनेर या तालुक्यांत ज्यांच्या माळ्यावर वा पेटीत ‘दीनमित्र’चा एखादा अंक, भूमिगत पत्रक किंवा पावतीपुस्तक असेल, त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नये. ते वाचनालयाकडे द्यावे. देणे जमत नसेल तर निदान एकदा तिथे नेऊन त्याची प्रत करून घ्यावी.