सांधेदुखीचे औषध आणि स्तनातील गाठ



आमवात, अर्थात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. सकाळी उठल्यावर मूठ मिटत नाही, बोटे सुजतात. या आजारात शरीराची संरक्षणशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. ती आवरण्यासाठी मेथोट्रेक्झेट हे औषध आठवड्यातून एकदा देतात. १९८८ साली अमेरिकेत या आजारासाठी त्यास मान्यता मिळाली. या गोळीमुळे असंख्य भगिनी पुन्हा पोळ्या लाटू लागल्या, ही गोष्ट आरंभीच सांगणे आवश्यक आहे.

परंतु आवरलेली संरक्षणशक्ती ही शरीराची पहारेकरीही असते. एपस्टीन-बार नावाचा विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात आयुष्यभर सुप्तावस्थेत असतो. पहारा सैल झाला, तर तो ज्या पेशींत दडलेला असतो, त्या क्वचित बेसुमार वाढतात. रक्तातील संरक्षक पेशींच्या या कर्करोगास लिम्फोमा म्हणतात. अर्थात सारा दोष औषधाचा नाही. दीर्घकाळ तीव्र राहिलेला आमवात स्वतःही हा धोका वाढवतो.

लिम्फोमाची गाठ बहुधा मान, काख वा जांघेत येते. स्तनात ती अतिशय विरळ. स्तनाच्या शंभर कर्करोगांत एखादाही लिम्फोमा आढळत नाही. मग त्याची चर्चा कशासाठी? कारण त्याचा उपचार निराळा आहे. नेहमीच्या स्तनकर्करोगात शस्त्रक्रियेला महत्त्वाचे स्थान असते. लिम्फोमात संपूर्ण स्तन काढल्याने लाभ होत नाही. १९९३ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी मेथोट्रेक्झेट घेणाऱ्या दोन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. औषध थांबवताच त्यांचा लिम्फोमा ओसरला होता. सर्वांच्याच बाबतीत असे घडत नाही. अनेकांना केमोथेरपी घ्यावी लागते. तथापि रुग्ण कोणते औषध घेत आहे, हे डॉक्टरांना ठाऊक नसेल, तर ही शक्यता त्यांच्या मनात कशी यावी?

म्हणून भगिनींनो, गाठ लागली तर संकोचाने लपवू नका. दुखत नाही म्हणून थांबू नका. डॉक्टरांकडे जाताना सांधेदुखीच्या साऱ्या गोळ्या, अगदी कुणी दिलेल्या पुड्यासुद्धा, सोबत न्या. सुईने तुकडा काढला की गाठ पसरते, ही भीती निराधार आहे. त्या तपासणीवाचून गाठीचा प्रकार कळत नाही. आपल्या जिल्ह्यात छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, त्याचा लाभ घ्यावा.

हे ऐकून कुणी घरी जाऊन गोळी बंद करू नये. आमवात बळावला तर सांधे कायमचे वाकडे होतात. गोळी थांबवायची की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतल्यास जीवावर बेतू शकते. म्हणून घेण्याचा वार डबीवर लिहून ठेवावा. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. शरीरातील पाणी घटले तर ते साचून विषारी ठरते. म्हणून पर्युषणातील दीर्घ वा निर्जल उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

घरातील पुरुषांनाही एक विनंती आहे. आई, पत्नी वा सून दबक्या आवाजात गाठीविषयी बोलली, तर दिवाळीनंतर पाहू, असे म्हणू नका. त्याच आठवड्यात तिला घेऊन जा.