बंद यंत्रांचा चालू मीटर
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गापुढील भाषण)



वीजबचतीचा विषय निघाला की उपदेशाला प्रारंभ होतो. गृहिणीने खोलीबाहेर पडताना दिवा मालवावा, मुलांनी टीव्ही बटणावर बंद करावा, चार्जर भिंतीत अडकवून ठेवू नये. हा उपदेश चुकीचा नाही. पण तो अपुरा आहे, आणि कित्येकदा सोयीचाही आहे. तो कोणाच्या सोयीचा आहे हे पाहावयाचे, तर टीव्हीशेजारी बसलेला सेट-टॉप बॉक्स पुढे घ्यावा. चार्जरची बाब त्यामानाने किरकोळ आहे. आजचा बरा चार्जर रिकामा असताना वॉटाच्या लहानशा अंशावर चालतो, आणि त्यावर खर्ची पडणारी वाणी वाचवली तरी चालेल.

केबल वाहिन्यांचा कायदा २०११ मध्ये दुरुस्त झाला आणि २०१२ च्या अखेरीपासून, प्रथम मुंबई-दिल्लीसारख्या महानगरांत आणि मग टप्प्याटप्प्याने सर्वत्र, हा डबा केबलच्या ग्राहकाला सक्तीचा झाला. रिमोटचे बटण दाबले की त्याचा दिवा हिरव्याचा तांबडा होतो. प्रेक्षक समजतो, डबा बंद झाला. अनेक डब्यांत प्रत्यक्षात दिव्याखेरीज फारसे काही बदललेले नसते. संदेश ग्रहण करणारा भाग जागा असतो, प्रक्रिया करणारा भाग जागा असतो, डबा कोमटच राहतो. कंपनीला आपल्या सवडीने त्यात नवी आज्ञावली पाठवावयाची असते. शिवाय भिंतीवरच्या बटणाने तो खरोखर बंद केला, तर पुन्हा चालू होण्यास इतका वेळ घेतो की दमूनभागून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी ते बटण दाबतच नाही.

हिशेब साधा आहे. एक वॉट वर्षभर अखंड जळला की पावणेनऊ युनिटे होतात. डब्याचा भार दहा वॉट धरला, तर महिन्याला ७.२ युनिटे. घरात रोज पाच तास टीव्ही चालत असेल, तर त्यांपैकी सुमारे पावणेसहा युनिटे कोणी काही पाहत नसताना जातात. तीनशे-चारशे युनिटे वापरणाऱ्या बंगल्यात ही रक्कम कोणाच्या ध्यानातही येणार नाही. परंतु महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला जो सवलतीचा दर आहे, त्याची मर्यादा महिन्याला ३० युनिटांची आहे. म्हणजे त्या घराच्या वाट्याच्या विजेचा जवळजवळ चौथा हिस्सा एका डब्याने खावा, आणि त्यातलाही बहुतांश घरातील माणसे कामावर किंवा झोपेत असताना! मर्यादा ओलांडली की सवलत धोक्यात येते. त्या घराला ‘वीज जपून वापरा’ असे सांगणे हा क्रूर विनोद आहे.

येथे प्रश्नाचे मूळ लागते. डबा निवडतो कोण? केबलचालक किंवा उपग्रह-वाहिनीची कंपनी. तो विकत घेताना कंपनी दोन पैसे वाचवते, आणि त्या बचतीची किंमत ग्राहक वर्षानुवर्षे वीजबिलात भरतो. निर्णय घेणारा एक आणि बिल भरणारा दुसरा, अशी ही व्यवस्था आहे. फ्रिज घेताना ग्राहक दुकानात उभा राहून ताऱ्यांचे लेबल तरी वाचू शकतो. येथे त्याला दुकानच नाही. एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीकडे चालत नाही. तो चालावा अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२० च्या एप्रिलमध्ये केली होती. बाजारातील निवडस्वातंत्र्याचे गोडवे गाणाऱ्यांनी या एका डब्याचा अभ्यास अवश्य करावा.

हा दोष केवळ भारतातील नाही. अमेरिकेत ‘नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल’ या संस्थेने २०११ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा त्या देशातील असे डबे वर्षाला सुमारे २७ अब्ज युनिटे वापरत असल्याचे दिसले, आणि त्यांपैकी दोन तृतीयांश वीज कोणी पाहत वा ध्वनिचित्रमुद्रण करीत नसताना जात होती. सरकारी नियम होण्याची चिन्हे दिसू लागल्यावर कंपन्यांनी २०१२ च्या डिसेंबरात स्वेच्छेने सुधारणेचा करार केला. स्वेच्छा कशी जागृत होते, याचे हे बोलके उदाहरण!

युरोपने इतर उपकरणांच्या बाबतीत कायद्याचाच मार्ग धरला. आराम-अवस्थेत उपकरणाने एक वॉटाहून अधिक वीज घेऊ नये, ही कल्पना अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेचे संशोधक अ‍ॅलन मायर यांनी १९९८ मध्ये मांडली होती. युरोपीय संघाने २००८ मध्ये तसा नियम केला. २०१० पासून मर्यादा एक वॉट, २०१३ पासून अर्धा वॉट, आणि पडद्यावर माहिती दाखवणाऱ्या उपकरणांना याच्या दुप्पट. त्यामुळे टीव्ही संचांचे कारखाने बंद पडले नाहीत. जुन्या जड रोहित्राऐवजी चांगला वीजपुरवठा-भाग बसवणे, न लागणारे भाग झोपवणे, एवढेच करावयाचे होते. ते तंत्र उपलब्ध होते. अडत होते ते बंधन नसल्यामुळे.

भारतातही सार्वजनिक यंत्रणेने मनावर घेतले तेव्हा काय झाले, हे एलईडी दिव्यांच्या बाबतीत दिसले. केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांनी उभारलेल्या ‘एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस’ या कंपनीने घाऊक खरेदी केली आणि २०१४ च्या प्रारंभी ३१० रुपये असलेली एका दिव्याची खरेदी-किंमत २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आली. ग्राहकाला उपदेश करून ती आली नव्हती.

असे एक कोटी डबे अखंड चालू असले, तर दहा वॉटांच्या हिशेबाने शंभर मेगावॉटांची मागणी रात्रंदिवस उभी राहते. ही मागणी मग ‘राज्याची वाढती गरज’ म्हणून कागदावर येते, आणि त्या कागदाच्या आधारे नव्या प्रकल्पासाठी कोणाची तरी जमीन मागितली जाते. कोयनेच्या पाण्याखाली गावे गेलेल्यांना आणि चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या धुराराखेत राहणाऱ्यांना या गरजेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता कामाचे. वीज नियामक आयोग दरवाढीच्या प्रस्तावावर जनसुनावणी घेतो आणि तेथे कोणाही ग्राहकाला लेखी हरकत देता येते. दराच्या जोडीने या डब्यांचा प्रश्नही तेथे नेला पाहिजे. आराम-अवस्थेची कायदेशीर मर्यादा ठरवणे मात्र केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या आणि शासनाच्या हाती आहे. खासदारांकडे तगादा त्यासाठी लावावा. दोन्हीकडे जाताना आकडे स्वतःच्या वस्तीतले असावेत. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. घरातील सर्व बटणे बंद करावी, केवळ डबा रिमोटने ‘बंद’ करून ठेवावा आणि मीटरवरील लुकलुकणाऱ्या तांबड्या ठिपक्याकडे घड्याळ घेऊन पाहावे. एका युनिटाला किती लुकलुका, हे मीटरवरच छापलेले असते. तो आकडा ३२०० असेल आणि ठिपका दोन मिनिटांनी एकदा चमकत असेल, तर भार सव्वानऊ वॉटांच्या थोडा वर. दर मिनिटाला चमकला तर त्याच्या दुप्पट. एका चाळीतील वीस घरांची अशी नोंद, डब्याचे नाव आणि खरेदीचे साल यांसह, एका रविवारी पुरी होते.