वेरूळचा पुणेरी चित्रकार

मनमाडहून संभाजीनगरकडे जाणारी गाडी अनकाई-टनकाईच्या पायथ्याशी वळते. पुढे दौलताबाद, आणि तिथून काही अंतरावर वेरूळची लेणी.

कॅमेरा नव्हता तेव्हा ही लेणी कागदावर उतरवणाऱ्यांत एक मराठी माणूस होता: गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट. पुण्यातले इंग्रजांचे वकील (रेसिडेंट) चार्ल्स मॅलेट यांनी त्याला हाताशी धरले. पेशवे सवाई माधवरावांच्या संमतीने शनिवारवाड्यात चित्रशाळाही सुरू झाली. १७९१मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांचाही गंगाराम मदतनीस झाला.

पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने नोव्हेंबर १७९०मध्ये रंगवला. त्या जाड कातडीची घडी न् घडी त्यात मोजून घ्यावी! समोर पाहिले तेच काढायचे, ही शिस्त त्याने लेण्यांच्या खांबांनाही लावली.

वेल्स १७९५मध्ये वारले. त्यांच्या वेरूळच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल यांनी १८०३मध्ये लंडनला चोवीस चित्रांचा संग्रह काढला. गंगारामची मूळ जलरंगचित्रे मात्र मॅलेट यांच्याबरोबर विलायतेला गेली. त्यांतली बरीचशी आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात, पॉल मेलन संग्रहात जपलेली आहेत.