लाभार्थी कोण?



संमेलनाध्यक्षाची ही खुर्ची मला पुन्हा मिळणार नाही. वाचनसंस्कृतीवर आणि इंग्रजी शाळांवर माझ्याआधीचे अध्यक्ष बोलून गेले आहेत, चांगलं बोलून गेले आहेत. मी आज एका शब्दावर बोलणार आहे. तो शब्द 'लाभार्थी'.

अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या आधी एक पत्रक फिरलं, ते तुम्ही वाचलंय. 'या गृहस्थांचं पुस्तक कोणतं? यांनी आयुष्यभर पोरांकडून चर खणून घेतले,' असं त्यात होतं. खाली सही नव्हती. ज्यांना स्वतःच्या वाक्याखाली नाव घालायची छाती होत नाही, त्यांनी लेखक कोण हे ठरवू नये. पण आरोप खरा आहे. मी चर खणून घेतले. दोन खेपा मिळून सात वर्षं मी राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो, आणि अधिकारी नव्हतो तेव्हाही पोरांबरोबर जातच राहिलो. बावीस शिबिरं केली. त्या बावीस शिबिरांनी मला जी मराठी शिकवली, ती एम.ए.च्या दोन वर्षांत कुणी शिकवली नव्हती.

शिबिर संपलं की अहवाल पाठवायचा असतो. आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यात रकाने असायचे: किती झाडं लावली, किती मीटर चर खणला, किती खड्डे घेतले, आणि शेवटी 'लाभार्थी संख्या'. तिथं गावाची लोकसंख्या भरायची असा रिवाज. पहिल्या वर्षी मी तो रकाना कोरा ठेवला. दुसऱ्या वर्षी लिहिलं, 'लाभार्थी: 50 विद्यार्थी.' कागद लाल शाईची खूण होऊन परत आला, 'चूक दुरुस्त करून फेरसादर करावे.' मी फेरसादर केला, त्याच आकड्यासह. त्यानंतर या एका रकान्यासाठी मी अकरा पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

एवढ्याशा रकान्यासाठी एवढा त्रागा कशाला, असं माझे मित्रही म्हणतात. त्यांना माझं सांगणं आहे की योजनेची जन्मकथा वाचा. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत आणि 40 हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. दोन वर्षांत 240 तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर. हेतू काय लिहिलाय? सेवेतून शिक्षण. शिक्षण कुणाचं? विद्यार्थ्याचं. म्हणजे योजना घडवणाऱ्यांना शिकणारा कोण हे माहीत होतं. रकाना आखणाऱ्याला ते माहीत नव्हतं, आणि पन्नास वर्षं आपण त्या रकान्याचं ऐकत आलो.

आणि हा शब्द अहवालात थांबला नाही. तो फलकांवर चढला, मंत्र्यांच्या सभेत पहिल्या रांगेत जाऊन बसला, पुढे आपल्या कथा-कवितांतही आला. या महाराष्ट्रानं 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला. काम मागणाऱ्या मजुराला तो कायदा कामाचा हक्क देतो, म्हणजे तो मजूर कोण? हक्कदार. हे नाव आपण भाषेतून काढून घेतलं आणि त्याच माणसाला लाभार्थी करून टाकलं. हक्कदार ताठ उभा असतो. लाभार्थ्याला फोटोसाठी हात पुढे करायला लावतात. मराठीचं गेल्या पन्नास वर्षांत सगळ्यात मोठं नुकसान कशानं झालं असं मला विचाराल, तर मी इंग्रजीचं नाव घेणार नाही, या शब्दाचं घेईन. हे माझं मत आहे आणि मी ते कुणाच्या नाराजीसाठी मागे घेणार नाही.

आता त्या चराबद्दल. दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावी आम्ही डोंगरउतारावर सलग समतल चर खणत होतो. दोन फूट रुंद, एक फूट खोल. दोन काठ्यांना बांधलेली पारदर्शक नळी, तिच्यातलं पाणी दोन्हीकडे सारख्या खुणेवर आलं की फक्की टाकायची आणि कुदळ मारायची. पोरं खुशीत होती. पहिल्यांदाच कशाची तरी पातळी त्यांच्या हातात आली होती. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी पायाला जखम झाल्यामुळे चरावर नव्हती. तिला मी विहिरींची मोजणी दिली. तीन दिवसांनी तिच्या वहीत हे लिहिलेलं होतं: 'खालच्या अंगाला अकरा विहिरी. अकराही चार आडनावांच्या. वस्तीतल्या बायका हापशावर. हापसा फेब्रुवारीत बंद पडतो.'

त्या रात्री बौद्धिकाला पाहुणे आले होते. स्वच्छतेवर बोलले. प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा ही मुलगी उभी राहिली आणि मला विचारलं, "सर, आपण चर खणतोय त्याचं पाणी कुणाच्या विहिरीत उतरणार?"

उत्तर मला माहीत होतं. तिनं विचारेपर्यंत मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलं आपणहून सरपंचांकडे गेली आणि वस्तीसाठी नळाची मागणी लिहून दिली. संध्याकाळी महाविद्यालयातून फोन, "शिबिराला गेलात की राजकारण करायला?" सेवा म्हटलं की हार मिळतो, न्याय म्हटलं की फोन येतो. वस्तीत नळ त्या वर्षी आला नाही. पुढच्या वर्षी गावानं आम्हाला शाळेच्या खोल्या दिल्या नाहीत. पण त्या पन्नास पोरांना कळलं की पाणी उताराकडे जातं हे भूगोलाच्या पुस्तकातलं वाक्य गावात खरं नसतं. गावात पाणी सातबाऱ्याकडे जातं.

मुलांनो, हे शिक्षण आहे. बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव हाच प्रश्न विचारला होता. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीतून परतलेली पोरं घरी गेल्यावर जेवताना वेगळी बसायची नाहीत, वेगळं बसवूनही घ्यायची नाहीत. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात 27 जुलै 1978 ला झाला आणि नामविस्तार 14 जानेवारी 1994 ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत ज्यांनी मोर्चे काढले, तुरुंग पाहिला, गावात घरं जळताना पाहिली, त्या विद्यार्थ्यांना समाजशास्त्राचा वेगळा पेपर लागत नव्हता. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा राज्यभरातून विद्यार्थी ढिगारे उपसायला गेले. त्यांच्यातल्या काहींच्या वह्या मी वाचल्या आहेत. एकानं फक्त सापडलेल्या वस्तूंची यादी केली होती: पाटा, अर्धी पाटी, तांब्या, लग्नातला फोटो. खाली एक शब्दही जास्त नव्हता.

या वह्यांबद्दल मागच्या संमेलनात काय झालं, ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शिबिरांतल्या निवडक दैनंदिन्यांचा खंड काढावा असा ठराव होता. तो विषयनियामक समितीतच अडवला गेला. 'हे शिबिरी लेखन आहे, साहित्य नव्हे,' असं म्हटलं गेलं. ज्यांनी म्हटलं त्यांचं मी नाव घेत नाही. त्यांच्या कादंबरीतलं खेडं मी वाचलंय. त्या खेड्यात बाई पाण्याला जाते तेव्हा तिच्या डोक्यावर घागर असते आणि मान सुंदर असते. घागरीचं वजन त्या पुस्तकात कुठंच नाही. एका महाविद्यालयानं अशा वह्या रद्दीत काढल्या, तेव्हा मी रद्दीवाल्याला पैसे देऊन दोन पोती घरी आणली. ती आजही माझ्या माडीवर आहेत.

माझा हा हट्ट कुठून आला, तेही सांगून टाकतो. 1972 च्या दुष्काळात मी पंधरा वर्षांचा होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मी तिला भाकरी पोहोचवायचो आणि सुकडीच्या रांगेत उभा राहायचो. एके दिवशी शहरातल्या कॉलेजची मुलं आली, पाहणी करायला. सगळी वही घेऊन हिंडत होती. एक चष्मेवाला मुलगा आईच्या शेजारी खाली बसला आणि म्हणाला, "मावशी, हातोडी द्या." तासाभरात त्याच्या तळव्याला फोड आले, एक फुटला. आईनं पदराची किनार फाडून त्याच्या हाताला बांधली आणि त्याला सांगितलं, "दगडाला मधी मारू नको, लेकरा. त्याची शीर बघ, तितं मार." त्यानं दगड फिरवून पाहिला, शीर शोधली, मारली. दगड दुभंगला. तो लहान मुलासारखा हसला.

तो मुलगा कोण होता, मला माहीत नाही. त्यानं कुठंतरी अहवाल लिहिला असेल आणि त्या अहवालात माझी आई मोजली गेली असेल. लाभार्थी म्हणून. त्या दिवशी शिकवलं कुणी होतं आणि शिकला कोण होता, हे मी पाहिलंय. मी साक्षीदार आहे.

आता नव्या शैक्षणिक धोरणात समाजसहभागाला श्रेयांक मिळाले आहेत. काही प्राध्यापक मित्रांना त्याचा आनंद आहे, तो रास्त आहे. या कामासाठी त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या खिशातून एस.टी.ची भाडी भरली आहेत. माझी भीती वेगळी आहे. श्रेयांकासाठी पोरं जातील, झाडू हातात धरून फोटो काढतील, ॲपवर चढवतील आणि मोकळी होतील. सावित्रीबाई 1897 च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करता करता गेल्या. तुमच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात त्यांना किती गुण बसतील, याचा विचार तक्ता करणाऱ्यांनी करावा. गुण द्यायचेच असतील तर वहीला द्या. गावात जाऊन आल्यावर मुलाला कोणता नवा प्रश्न पडला, त्याला द्या.

अध्यक्षानं ठराव मांडू नये असा या व्यासपीठाचा संकेत आहे. आज मी तो मोडतो. ठराव असा: शिबिरांच्या अहवालातून 'लाभार्थी' हा शब्द काढावा, त्या जागी 'ज्यांच्याकडून शिकलो' असा रकाना घालून तिथं माणसांची नावं लिहावीत, आणि माझ्या माडीवरच्या दोन पोत्यांतल्या वह्यांचा खंड या संस्थेनं स्वतःच्या खर्चानं काढावा. छपाईचे पहिले पंचवीस हजार रुपये मी आजच कोषाध्यक्षांकडे दिले आहेत.

समितीकडे हा ठराव जाणार नाही. मी तो इथंच, तुमच्यापुढे ठेवतोय. अनुमोदन कोण देतंय? उभं राहून नाव सांगा.