परसातल्या कोंबड्या आणि मोडाचे धान्य



या व्यासपीठावरून आम्ही कोंबड्यांच्या चाऱ्याविषयी बोलणार हे ऐकून काही चेहऱ्यांवर हसू उमटले, ते आम्ही पाहिले आहे. परंतु घरामागे पाच-सहा कोंबड्या पाळणारी कुटुंबे थोडी नाहीत, आणि खाद्याच्या पोत्याचे पैसे मोजताना त्यांना हसू येत नाही. अशा गृहस्थाला कोणीतरी सांगतो, 'किलोभर गहू भिजवा, सात दिवसांनी सहा किलो हिरवा चारा उचला. पोते आणायचे कारणच नाही!' हे कितपत खरे, एवढाच आजचा प्रश्न.

ही विद्या आपल्याला नवी नाही. नवरात्रात घटाभोवती पेरलेले धान्य नवव्या दिवशी वीतभर वाढते. मटकीला मोड कसे आणावेत हे तर घरोघरी ठाऊक आहे. पण घटाजवळची हिरवळ दिसते तेवढी श्रीमंत नसते. किलोभर गव्हात पाणी वगळता सुमारे ८८० ग्रॅम सत्त्व असते. अंकुर वाढतो तो या शिदोरीवरच. पाने हिरवी होऊन स्वतः कमावू लागेपर्यंत तो घरची पुंजीच मोडून खातो. म्हणून सहा किलो चाऱ्यात कोरडे सत्त्व ८०० ग्रॅमच्या आसपासच भरते. बाकीचे पाणी! वजन सहापट झाले, अन्न मात्र थोडे घटले.

अंडी देणारी कोंबडी दिवसाला सुमारे १२० ग्रॅम कोरडे खाद्य खाते. तेवढे सत्त्व हिरव्या चाऱ्यातून मिळवायचे तर तिला पाऊण किलोहून अधिक चारा गिळावा लागेल. दोन किलोच्या पक्ष्याला ते कसे साधावे? शिवाय एका अंड्याच्या कवचाला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागते, आणि किलोभर गव्हात ते अर्धा ग्रॅम मिळायचीही मारामार.

हा हिशेब आम्ही आधी केला नाही, हे कबूल करतो. तीन आठवडे आम्ही पोते बंद ठेवले. कोंबड्या चाऱ्यावर तुटून पडत, म्हणून आम्ही खुशीत होतो. पुढे अंडी कमी झाली, कवचे पातळ झाली आणि शेवटी खुराडे रिकामे राहू लागले. भरल्या पोटी उपाशी ठेवणे म्हणतात ते हेच.

मग मोड टाकून द्यावेत काय? मुळीच नाही. मोड येताना दाण्यातली जीवनसत्त्वे वाढतात, अडकून पडलेला फॉस्फरस मोकळा होतो, आणि हिरव्या पात्याने अंड्याच्या बलकाला रंग चढतो. कोंडलेल्या कोंबड्यांना उकरायला, टोचायला उद्योग मिळतो, तो वेगळाच. तात्पर्य, मोड ही त्यांची कोशिंबीर आहे, भाकरी नव्हे. सकाळी नेहमीचे खाद्य, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात, आणि दुपारी दर कोंबडीमागे मूठभर मोड, हे प्रमाण ठेवावे.

कृती सोपी आहे. गहू, मका किंवा जव रात्रभर भिजवावे, पाणी ओतून द्यावे आणि भोके पाडलेल्या ताटात बोटाच्या पेराएवढा थर पसरावा. सकाळ-संध्याकाळ धुऊन पाणी पूर्ण निथळू द्यावे. वैशाखात दुपारीही धुवावे आणि ताट सावलीत ठेवावे. तिसऱ्या दिवशी मोड, सातव्या दिवशी हिरवळ.

तीन पथ्ये मात्र पाळा. पेरणीचे बियाणे वापरू नका, त्याला अनेकदा औषध चोळलेले असते. ज्वारीला मोड आणून घालू नका. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात हे शेतकरी जाणतो. त्याच विषाचे मूळ तिच्या मोडांतही असते. कोरडे दाणे खुशाल द्या.

तिसरे पथ्य बुरशीचे. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले. शोध घेता दोष निघाला बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीत. त्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. मुळांवरची पांढरी लव पाण्याने बसते आणि पुन्हा उभी राहते, ती निरुपद्रवी. पण जाळे धरलेले, बुळबुळीत किंवा आंबूस वासाचे ताट दिसले की ते धुऊन वाचवू पाहू नका. बुरशी धुतली तरी विष राहते. 'एवढे धान्य फुकट गेले' अशी हळहळ वाटेल. पण मूठभर गव्हापायी खुराडे गमावणे हा कोणता हिशेब?

मुके प्राणी आपण घालू ते खातात; तक्रार अंड्यांतून करतात, तीही उशिरा. म्हणून त्यांच्या वतीने हिशेब आपणच ठेवायचा असतो. मोड आणा, हौसेने आणा; पोते मात्र बंद करू नका. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.