चॅम्पियन झाले आणि पुढच्याच वर्षी संपले: व्हाइट सिटी रेबेल्स

२०१७ ची आयपीएल फायनल आठवतेय ना? रायझिंग पुणे सुपरजायंट एका रननं हरली आणि नंतर ती टीमच उरली नाही. पण तिला दोनच सीझन मिळणार, हे आधीच ठरलेलं होतं. आजच्या टीमचं तसं काहीच ठरलेलं नव्हतं. ती लीग जिंकली आणि तरी पुढच्या वर्षी बंद झाली. व्हाइट सिटी रेबेल्स, लंडन, १९७६ ते १९७८.

खेळ आहे स्पीडवे. आपल्याकडे फारसा कुणी बघत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. मिथेनॉलवर चालणारी ५०० सीसीची बाइक, एकच गिअर आणि ब्रेक नाहीत. हो, बरोबर ऐकलंत, ब्रेकच नाहीत! अंडाकृती कच्च्या ट्रॅकवर दोन टीमचे दोन-दोन रायडर, चार लॅप. वळण आलं की मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि डावा पाय जमिनीला घासत बाइक वळवायची. पहिल्याला ३ पॉइंट, मग २, मग १, शेवटच्याला भोपळा. मिनिटभरात रेस संपते, की लगेच पुढचे चार जण तयार.

आता गंमत अशी, की ही टीम मुळात लंडनची नव्हतीच. ती होती ऑक्सफर्डची. १९७५ मध्ये ऑक्सफर्डचं स्टेडियम जाणार, तिथे बांधकाम होणार, अशी चिन्हं दिसायला लागली. मालकांनी बाडबिस्तरा गुंडाळला आणि 'रेबेल्स' या नावासकट टीम लंडनला हलवली. मागे राहिलेल्या ऑक्सफर्डकरांनी मात्र मोहीम चालवली आणि स्टेडियम वाचवलं! १९७६ मध्ये तिथे 'चीताज' नावाची टीम उभी राहिली, फक्त खालच्या लीगमध्ये. म्हणजे टीम गेली, ग्राउंड राहिलं.

लंडनमधलं नवं घर केवढं? १९०८ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेलं स्टेडियम, ६८,००० माणसं मावतील एवढं. १९६६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपमधली उरुग्वे-फ्रान्स मॅच इथेच झाली. कारण काय, तर त्या दिवशी वेम्बलीत कुत्र्यांच्या शर्यती होत्या आणि मालक त्या रद्द करेनात. असो.

१९७७ मध्ये गॉर्डन केनेट, स्टीव्ह वेदरली, पोलंडचा मारेक चेश्लाक अशा रायडरांच्या जोरावर रेबेल्सनी ब्रिटिश लीग जिंकली. दुसऱ्याच सीझनमध्ये! पण स्टँड रिकामेच. मला विचाराल तर यात आश्चर्य काहीच नाही. त्याच लीगमध्ये लंडनच्याच विम्बल्डन आणि हॅकनी या टीम होत्या, आणि लोक वर्षानुवर्षं त्यांना बघायला जायचे. बाहेरून आलेली टीम जिंकतेय म्हणून कुणी आपली टीम सोडतं का? शिवाय दोन-पाच हजार माणसं छोट्या मैदानात असली तर जत्रा वाटते, तीच इथे बसवली तर स्टेडियम ओसाड दिसतं.

१९७८ मध्ये केनेट वेम्बलीच्या वर्ल्ड फायनलमध्ये ओले ओल्सेनच्या मागे दुसरा आला. १३ विरुद्ध १२, एका पॉइंटचा फरक! टीमचा रायडर जगात दुसरा, आणि तो सीझन संपल्यावर टीमच बंद. लीगमधली जागा गेली समुद्रकाठच्या ईस्टबर्नला, आणि केनेटही तिकडेच गेला.

व्हाइट सिटी स्टेडियम १९८४ मध्ये बंद झालं आणि १९८५ मध्ये पाडलं. पुढे त्या जागेवर बीबीसीच्या इमारती आल्या.

आणि त्याच १९८५ मध्ये ब्रिटिश लीग कोणी जिंकली माहितीये? ऑक्सफर्ड चीताजनी. स्टेडियम तेच, लोकांनी वाचवलेलं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.