परिषदेत विचारलेला एक प्रश्न



शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या एका परिषदेस मी लामत्याहून गेलो होतो. दालनात पडदे लखलखत होते. आम्हां शिक्षकांच्या वाट्यास प्रश्नांपुरती पाच मिनिटे आली. मला ‘साइट’ प्रयोग आठवला. १ ऑगस्ट १९७५ पासून अमेरिकेच्या उपग्रहामार्फत सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली होती. त्यांत आपला मध्य प्रदेशही होता. वर्षभर मुलांना सकाळी धडे मिळाले. ३१ जुलै १९७६ रोजी मुदत सरली आणि उपग्रह माघारी गेला. म्हणून मी विचारले, “आपली मुदत सरल्यावर आमच्या वर्गात काय उरेल?” विक्रेते नुसते हसले. (चहा मात्र उत्तम होता.) परतल्यावर मी शाळेस लेखी कळविले : यंत्र अवश्य घ्यावे, परंतु त्याची दुरुस्ती बालाघाटात होणार असेल तरच.